फाइलीचा सातबारा

आपली पत्रे, बँकेचे हिशेब, रेल्वेची आरक्षणे ज्या संगणकांवर सांभाळली जातात, त्यांतील पुष्कळ लिनक्सवर चालतात. तिथे प्रत्येक फाइलला एक मालक असतो, एक गट असतो आणि बाकीचे सारे ‘इतर’. वाचणे, लिहिणे आणि चालवणे या तीन अधिकारांपैकी कोणाला काय मिळणार, हे फाइलीसोबतच नोंदलेले असते. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १ अशी बेरीज करून ते तीन आकड्यांत मांडतात. ६४४ म्हणजे मालकाने वाचावे आणि लिहावे, इतरांनी नुसते वाचावे. जमिनीला जसा सातबारा, तसा फाइलीला हा उतारा.

सॉफ्टवेअरचे पॅकेज म्हणजे अशा अनेक फाइलींचे गाठोडे. ते उघडून जागच्या जागी लावण्याचे काम ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याच्या नावाने होते. त्यामुळे गाठोडे बांधणाऱ्याच्या हातून उताऱ्यात चूक झाली, तर ती हजारो संगणकांवर जशीच्या तशी उमटते.

म्हणून तपासणी दोन टप्प्यांवर करतात. डेबियन प्रकल्पात ‘लिंटियन’ नावाचा प्रोग्राम पॅकेज बाहेर पडण्यापूर्वीच विसंगत मालक आणि संशयास्पद अधिकार दाखवून देतो. रेड हॅटच्या परंपरेतील ‘आरपीएम’ पॅकेज बसवल्यानंतरही मूळ नोंद जपून ठेवते. पडताळणी करायला सांगितली, की बदललेल्या फाइलींची यादी येते: अधिकार बदलले असतील तर ‘एम’, मालक बदलला असेल तर ‘यू’, गट बदलला असेल तर ‘जी’.

पण कागद आणि वस्तुस्थिती जुळली म्हणजे कागद बरोबर, असे होत नाही. २०१६ साली दाविद गोलुन्स्की या संशोधकाने डेबियनमधील ‘एन्जिनेक्स’ या वेब सर्व्हरच्या पॅकेजात नेमकी अशी चूक दाखवली. या सर्व्हरची मुख्य प्रक्रिया रूटच्या अधिकाराने चालते. लोकांच्या विनंत्या मात्र ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ हे दुबळे खाते हाताळते. नोंदवह्यांच्या फोल्डरची मालकी पॅकेजने याच दुबळ्या खात्याला दिली होती.

यात वावगे काय? फोल्डरवर लिहिण्याचा अधिकार असला, की आतली फाइल हटवून त्याच नावाने दुसरे काही ठेवता येते. एखाद्या सदोष संकेतस्थळातून दुबळे खाते ताब्यात आलेला घुसखोर नोंदवहीच्या जागी प्रणालीतल्या महत्त्वाच्या फाइलीकडे नेणारा दुवा ठेवू शकत होता. जुनी वही बाजूला करून नवी उघडण्याची ठरलेली वेळ आली, की रूट विश्वासाने त्या दुव्यामागून जाई आणि घुसखोराला स्वतःही रूट होण्याची वाट मोकळी होई.

ऑक्टोबर २०१६मध्ये डेबियनने दुरुस्ती केली: फोल्डरची मालकी रूटकडे दिली. त्याआधी मूळ नोंदीशी ताडून पाहणाऱ्या कोणत्याही पडताळणीला ही चूक सापडली नसती, कारण मालक पॅकेजने ठरवलेलाच होता.

म्हणून पॅकेज तपासणाऱ्याने दोन प्रश्न विचारायचे असतात. फाइलींची आजची स्थिती नोंदीप्रमाणे आहे का? हे यंत्र सांगते. आणि या खात्याला इथे लिहिण्याची गरज आहे का, असल्यास त्याच जागेवर त्याच्याहून बलवान कोणी विसंबून आहे का? याचे उत्तर बहुधा माणसालाच शोधावे लागते.