जुन्या छायाचित्रांतील हरवलेले रस्ते

धाराशिव जिल्ह्याचे शंभर वर्षांपूर्वीचे छायाचित्र शोधू पाहणाऱ्या अभ्यासकाला पहिली अडचण येते ती नावाची. विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गला होते आणि जिल्हाही त्याच नावाने ओळखला जाई. पुढे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून उस्मानाबाद हे नाव रूढ झाले. २०२३ मध्ये शहर व जिल्हा या दोहोंना धाराशिव हे नाव अधिकृतपणे मिळाले. जुन्या इंग्रजी अहवालांत याच गावाचे नाव ‘धारासिंव’ असेही लिहिलेले आढळते. त्यामुळे संग्रहालयांच्या सूचीत आजच्या नावाने काहीच सापडले नाही, तरी छायाचित्रच नाही असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. जे सापडते त्यात बहुतेक लेणी, देवळे आणि किल्लेच असतात. जेम्स बर्जेस यांनी १८७५-७६ मध्ये निजामाच्या मुलखात पुरातत्त्वीय पाहणी केली. १८७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात धाराशिवच्या लेण्यांना स्थान मिळाले. पुढे हेन्री कझिन्स यांनी तेरच्या त्रिविक्रम मंदिराचा अभ्यास केला. ही वास्तू मुळात बौद्ध चैत्य असावी, हे त्यांचे मत आजही विचारात घेतले जाते. पण त्याच तेरची बाजारगल्ली कशी होती, भूम तालुक्यातील ईटसारख्या गावाच्या मुख्य रस्त्यावर कोणती दुकाने होती, हे सांगण्यासाठी कोणी कॅमेरा आणला नव्हता.

याचे कारण त्या काळच्या छायाचित्रणाच्या अर्थकारणात आहे. काचेच्या पट्ट्या, रसायने, तिपाई आणि काळोखी तंबू असा सारा सरंजाम बैलगाडीतून न्यावा लागे. एवढा खर्च सरकार, संस्थानिक किंवा हौशी धनिकच करू शकत. लाला दीनदयाळ (१८४४-१९०५) हे निजामाचे दरबारी छायाचित्रकार होते. हैदराबाद संस्थानातील राजवाडे, समारंभ आणि प्राचीन वास्तू त्यांनी उत्तम टिपल्या. त्यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ मध्ये खरेदी केल्या, म्हणून त्या आज सुरक्षित आहेत. कॅमेरा कोणासमोर उभा राहावा, हे मात्र पैसे देणारा ठरवीत असे.

मुंबईचे नशीब या बाबतीत थोर होते. १८५४ मध्ये तेथे बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. पुढच्याच दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या. आज ‘चर्चगेट’ या नावात दरवाजा उरला आहे, रस्त्यावर तो नाही. कोट पडण्याच्या सुमारास शहरात कॅमेरा रुळला होता, म्हणून त्या बदलाचे चित्ररूप पुरावे मिळतात.

अशा छायाचित्रावर तारीख नसली तरी वास्तूच काळ सांगतात. राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. तो अर्धवट दिसत असेल, तर चित्र त्याआधीचे. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये आणि विजेची १९०७ मध्ये सुरू झाली. वर तारा नसलेले रूळ दिसले तर काळ या दोन वर्षांच्या दरम्यानचा असणार, असा साधारण अंदाज बांधता येतो. मोटारबस १९२६ मध्ये आली आणि विजेची ट्राम १९६४ मध्ये बंद झाली. एकेका खुणेने काळाची चौकट आवळत जाते.

मात्र या चित्रांवर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला एका छायाचित्रासाठी कित्येक सेकंद भिंग उघडे ठेवावे लागे. इमारत स्थिर राही. चालणारी माणसे मात्र धूसर होत किंवा मुळीच उमटत नसत. म्हणून जुने रस्ते निर्मनुष्य भासतात. ती शांतता शहराची नसून तंत्राची मर्यादा आहे.

रस्ता पुष्कळदा अपघातानेच टिपला गेला आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा घरांची झडती, धुलाई आणि इस्पितळे यांची छायाचित्रे काढण्यात आली. हेतू होता सरकारी उपाययोजना दाखविण्याचा. पण मागे दाट वस्तीतल्या गल्ल्याही आल्या. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधारणा मंडळाने पुढे जुन्या वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. त्याआधीच्या शहराची कल्पना येण्यास अशी चित्रेच आता उपयोगी पडतात.

मराठवाड्याला या अपघाती नोंदींचे मोल ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे कळले. किल्लारीच्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगावली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार यांनी घरेच जीवघेणी ठरली. ५२ गावे संपूर्णपणे नव्या जागी वसविण्यात आली. नव्या गावांत रुंद, सरळ रस्ते आणि एकसारख्या घरांच्या रांगा आल्या. वाड्यांच्या अरुंद बोळा, देवड्या आणि पार मागे राहिले. त्या गावांचे रस्ते आधी टिपून ठेवावेत, असे कोणाला वाटण्याचे कारण नव्हते. जुने गाव आता दिसते ते लग्नाच्या वरातीमागे, शाळेच्या समूहचित्राच्या कडेला, नव्या बैलजोडीच्या पाठीमागच्या भिंतीवर. तेही ढिगाऱ्यातून वाचलेल्या किंवा परगावच्या नातेवाइकांकडे असलेल्या चित्रांत.

म्हणूनच घरोघरीच्या ट्रंकांतील छायाचित्रे ही केवळ कौटुंबिक आठवण नव्हे. लहान गावांच्या बाबतीत रस्त्याचा तोच पुरावा असू शकतो. अशा चित्रात माणसांइतकेच मागचे पाहावे. विजेचा खांब आहे की कंदील, छप्पर माळवदाचे की पत्र्याचे, दुकानाची पाटी उर्दूत की मराठीत? १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि उर्दू ही तिथली राजभाषा होती. त्यामुळे पाटीची लिपीही काळाची खूण ठरू शकते.

जतनाचे उपाय साधे आहेत. चिकट पानांच्या अल्बममधील चित्रे हलक्या हाताने सोडवून कोऱ्या कागदांत, ओल नसलेल्या जागी ठेवावीत. निघत नसतील तर ओढू नयेत. पानासकट त्यांची प्रत काढावी. लॅमिनेशन टाळावे. मागील बाजूस मऊ पेन्सिलीने माणसांची नावे, जागा आणि वर्ष लिहावे. बॉलपेनचा दाब समोर उमटतो. स्कॅन करताना कडा कापू नयेत, कारण गाव बहुधा कडेलाच असते. मागील बाजूचाही स्कॅन घ्यावा. व्हॉट्सॲपवर पाठविलेल्या प्रतीचा दर्जा घटतो, म्हणून मूळ स्कॅन वेगळा सांभाळावा.

यांत निकड आहे ती नावे लिहिण्याची. चित्र आणखी पन्नास वर्षे टिकेल; पण मागचा वाडा कोणाचा आणि ती गल्ली कोठे निघत होती, हे सांगू शकणारी पिढी आता वृद्ध झाली आहे. तिच्याशेजारी बसून ही माहिती लिहून घेतली नाही, तर रस्ता छायाचित्रात दिसत राहील आणि तरीही तो कोणत्या गावचा, हे कोणालाच सांगता येणार नाही.