सातबारा संगणकावर आला, पण तो वाचला का?

भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन आहे, त्याचा एका प्रचंड संगणक प्रकल्पाशी संबंध आलेला असतो. तो प्रकल्प म्हणजे ई-फेरफार. राज्यातले सुमारे अडीच कोटी सातबारे, त्यांवरचे फेरफार आणि त्यांवर काम करणारे तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार असा त्याचा पसारा आहे. त्याबद्दल गावोगावी जे समज रुजलेत, त्यांतले काही निरुपद्रवी आहेत. काही मात्र हक्काच्या जमिनीवर पाणी सोडायला लावतील असे आहेत.

सर्वांत पक्का समज म्हणजे, संगणकावर चढलेला सातबारा बिनचूक असतो. संगणकाने जुन्या वहीतली चूक काढली नाही. ती जशीच्या तशी उचलली गेली आणि टंकताना नव्या चुकांची भर पडली. समजा, दोन हेक्टरांचा एक गट आहे आणि वहीत चार भावांचा हिस्सा चार-चार आणे लिहिलेला आहे. वहीला तेवढे पुरत होते. संगणकाला प्रत्येक खातेदारापुढे हेक्टर-आर लागतात आणि सगळ्यांची बेरीज गटाच्या क्षेत्राशी जुळावी लागते. पोटखराबा धरायचा राहिला, कुणाचा हिस्सा दोनदा चढला, एखादा फेरफार ओढायचा राहून गेला, की मेळ बसत नाही. डोंगरउताराच्या तुकड्या-तुकड्यांच्या सामाईक जमिनीत अशी गुंतागुंत नेहमीचीच. म्हणून २०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडी वाचनाची मोहीम झाली. गावासमोर सातबारे वाचायचे, चुका टिपायच्या आणि जुन्या वहीशी ताडून दुरुस्त करायच्या. प्रकल्प आखणारे सॉफ्टवेअर लिहायला लागणारा वेळ नीट धरतात, जुनी माहिती साफ करायचा वेळ धरत नाहीत. सातबाऱ्याच्या बाबतीत खरे काम दुसरेच होते, आणि ते तलाठ्यांनी रात्री-अपरात्री, सर्व्हर जरा मोकळा मिळेल तेव्हा बसून केले. त्या कष्टांची दखल फार कमी घेतली गेली, असे मला मनापासून वाटते.

तरीही चूक राहिली असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १५५ आहे. लेखनप्रमाद दाखवून तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. सोबत जुना हस्तलिखित सातबारा आणि संबंधित फेरफाराची नक्कल जोडावी, कारण निर्णय त्या कागदांवर होतो. कलम १५७ सांगते की अधिकार अभिलेखातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानायची. म्हणजे चुकीची नोंदसुद्धा तोपर्यंत खरी धरली जाते. चालढकल महागात पडते ती यामुळे.

दुसरा समज शिक्क्याचा. संकेतस्थळावर फुकट दिसणारा सातबारा केवळ माहितीसाठी असतो, तो बँकेत चालत नाही, हे बरोबर. पण त्यावरून 'ऑनलाइन उतारा चालतच नाही, तलाठ्याची सही हवीच' असे धरून चालणे चूक आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळतो. पंधरा रुपये भरले की उतरवून घेता येतो. त्यावर सोळा अंकी पडताळणी क्रमांक असतो आणि तो टाकून कुणीही खरे-खोटे तपासू शकतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने डिजिटल स्वाक्षरीला मान्यता दिलेलीच आहे. उतारा कुणी व्हॉट्सॲपवर पाठवला असेल तर मात्र तो क्रमांक तपासल्याशिवाय इसारही देऊ नका.

तिसरा समज जबाबदारीचा. 'काम कंपनीला दिलंय, आता कंपनी बघेल' हे वाक्य ग्रामपंचायतीपासून तहसीलपर्यंत ऐकू येते. ग्रामपंचायतींचे संगणकीकरण २०११ पासून संग्राम प्रकल्पातून झाले. २०१६ पासून आपले सरकार सेवा केंद्रे आली. दोन्ही वेळा मनुष्यबळ बाहेरून घेतले गेले आणि संगणक परिचालकांना मानधनासाठी, कर्मचारी म्हणून मान्यतेसाठी वारंवार आंदोलने करावी लागली. गावाच्या नोंदी ज्याच्या बोटांखाली आहेत, त्यालाच महिन्याच्या पगाराची खात्री नसेल, तर तो करार कागदावर कितीही स्वस्त असला तरी कच्चाच. कायद्याच्या दृष्टीने जबाबदारी कुठेही जात नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार ठरल्या मुदतीत सेवा देण्याचे दायित्व पदनिर्देशित अधिकाऱ्याचे असते. दाखला रखडला तर अपील त्याच्या वरिष्ठाकडे करायचे, केंद्रचालकाशी भांडून उपयोग नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा केंद्रीय कायदाही हेच म्हणतो की प्रक्रिया दुसऱ्याकडून करून घेतली तरी माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्याची.

सुरक्षेबद्दलचा समज असा, की हॅकर आपल्या आडगावात कशाला येईल? ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, ते तिजोरी फोडून नव्हे. मूळ बँकिंग प्रणाली शाबूत होती. एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेची नक्कल उभी करून २८ देशांतून त्यांतले बहुतेक पैसे काढले गेले. मुख्य दार भक्कम असताना बाजूची खिडकी उघडी राहण्याचा हा प्रकार. गावात तशी खिडकी म्हणजे अधिकाऱ्याने मदतनिसाच्या हाती दिलेले स्वाक्षरीचे टोकन आणि पिन, फॉर्म भरणाऱ्याला सांगितलेला ओटीपी, आणि अंगठा. आधारवर पैसे काढताना ओटीपी लागत नाही. बँक, आधार क्रमांक आणि ठसा एवढे पुरते. आधारचे बायोमेट्रिक्स लॉक करायची सोय आहे, लागेल तेव्हा ते उघडता येते. ती वापरणारे फार थोडे.

राहता राहिला मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांचा समज, की गावच्या जमिनीत काही झाले तर कुणीतरी कळवेलच. पानशेत, गुंजवणी, भाटघरच्या आसपासच्या जमिनींना आज गिऱ्हाईक आहे. चावडीवर लागलेली नोटीस परगावी बसलेल्या वारसाला दिसत नाही. मात्र 'आपली चावडी' या महसूल विभागाच्या संकेतस्थळावर प्रत्येक गावच्या फेरफाराची नोटीस दिसते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. जिल्हा, तालुका, गाव निवडायचे आणि यादी वाचायची. महिन्यातून दोनदा ती उघडून पाहा. नाव, क्षेत्र किंवा इतर हक्कांत काही खटकले तर मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. आणि फसवणुकीने खात्यातून पैसे गेले असतील तर तासाभराचीही वाट न पाहता १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा.