पैठणीची किंमत आणि पदराची उलटी बाजू

कापडातलं फारसं कळत नसलं की आपण किमतीलाच दर्जा समजतो. पैठणीच्या दुकानात हे हमखास घडतं: महागडी घडी उलगडली की ती जास्त मऊ, जास्त भरीव वाटू लागते. जरीची चमक भुलवते ती वेगळीच. नकली जरही नवी असताना झगमगतेच.

खरी परीक्षा पदर उलटल्यावर. हातमागावर मोर किंवा कमळ विणताना प्रत्येक रंगाचा धागा त्या आकारापुरताच फिरतो आणि शेजारच्या रंगात अडकवला जातो. म्हणून मागची नक्षी जवळजवळ पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रमागाच्या पदरामागे बहुधा मोकळे किंवा कापलेले धागे सापडतात. भरगच्च पदराला विणकराचे महिने जातात, पैसे त्या मेहनतीचे असतात.

यंत्रमागाची साडी हौसेने घ्यावी, त्यात कमीपणा नाही. पण ती हातमागाच्या भावात विकणं ही पैठणी विणणाऱ्या येवल्याच्या विणकराची लूटच आहे. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी खूणचिठ्ठ्या नीट वाचाव्यात. ‘सिल्क मार्क’ फक्त रेशमाची खात्री देतो, विणकामाची नाही. त्यासाठी ‘हँडलूम मार्क’ वेगळा असतो.