प्रवासांत लॅपटॉपला इंटरनेट कोठून मिळतें?

कामानिमित्त गांवोगांव फिरणाऱ्या माणसाजवळ हल्लीं कागदांच्या बासनाऐवजीं लॅपटॉप असतो. परंतु लॅपटॉप जवळ असणें आणि त्यास इंटरनेट मिळणें या दोन निराळ्या गोष्टी होत. मुंबईहून कोंकण रेल्वेनें रत्नागिरीस निघालेल्या एखाद्या कंत्राटदारास सायंकाळीं ५ च्या आंत सरकारी निविदा भरावयाची आहे, असें श्रोत्यांनीं समजावें. मुदत टळतांच संकेतस्थळाचें दार आपोआप मिटतें. तेथें गाऱ्हाणें चालत नाहीं.

त्याचा पहिला आधार म्हणजे खिशांतील मोबाइल. बहुतेक लॅपटॉपांत सिमकार्डाची सोय नसते. त्यांस वाय-फाय तेवढें कळतें. मोबाइलमधील ‘हॉटस्पॉट’ सुरू केला म्हणजे मोबाइल दुभाष्याचें काम करतो. मनोऱ्याकडून आलेला मजकूर तो वाय-फायच्या रूपानें लॅपटॉपकडे पोंचवितो. मात्र या कामीं त्याची बॅटरी झपाट्यानें उतरते. यासाठीं दोन्ही यंत्रें यूएसबी तारेनें जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावें. इंटरनेटही मिळतें आणि मोबाइल लॅपटॉपवर चार्जही होत राहतो.

परंतु मोबाइलला मनोऱ्याच्या लहरी पोंचल्या तरच हें सारें शक्य. कोंकण रेल्वेच्या मार्गावर ९१ बोगदे आहेत. रत्नागिरी जवळ येतां येतां लागणारा करबुड्याचा बोगदा तर सुमारें ६.५ किलोमीटर लांब आहे. डोंगराचा खडक लहरींना आंत शिरूं देत नाहीं, आणि गाडीचा धातूचा डबाही त्यांना क्षीण करतो. म्हणून खिडकीजवळ बसल्यास कांहीं लाभ होतो. बोगद्यांत मात्र वाट पाहणेंच प्राप्त.

दुसरा आधार स्थानकाचा. जानेवारी २०१६ मध्यें मुंबई सेंट्रल येथें रेलटेल व गूगल यांनीं विनामूल्य वाय-फाय सुरू केलें. पुढें २०२० मध्यें गूगलनें अंग काढून घेतलें, तरी रेलटेलनें ही सेवा चालू ठेविली. आज ती ६,००० हून अधिक स्थानकांवर आहे. जोडणीसाठीं मोबाइलवर येणारा सांकेतिक आंकडा भरावा लागतो. म्हणजे येथेंही मोबाइल सुटत नाहीं.

सार्वजनिक वाय-फाय वापरतांना सावध असावें. स्थानकाच्या किंवा हॉटेलच्या नांवासारखेंच नांव देऊन कोणीही भामटा स्वतःचें जाळें पसरूं शकतो. पत्त्याच्या आरंभीं ‘एचटीटीपीएस’ असल्यास वाटेंत मजकूर वाचणें कठीण होतें. पण पलीकडे बसलेला मनुष्य सच्चा आहे, याची ती ग्वाही नव्हे. सबब बँकेचे व्यवहार स्वतःच्या हॉटस्पॉटवरूनच करावेत.

डेटाची काटकसर हीही एक विद्याच आहे. साधें पत्र कांहीं केबींत जातें; चेहरे पाहत तासभर केलेलें संभाषण शेंकडों एमबी गिळतें. शिवाय विंडोज आपल्या सुधारणा मागच्या दारानें उतरवून घेत असतें. जोडणीच्या सेटिंग्जमध्यें ‘मीटर्ड’ हा पर्याय निवडल्यास त्यास बराच लगाम बसतो.

या सर्वांहून मोठी युक्ति जुनीच आहे. लागणारे कागद निघण्यापूर्वींच लॅपटॉपवर उतरवून घ्यावेत, लिहिणें-तपासणें इंटरनेटवांचून उरकावें, आणि जोडणी केवळ धाडण्यापुरती ठेवावी. निविदा पनवेलीसच रवाना करणाऱ्यास पुढील बोगद्यांची धास्ती बाळगण्याचें कारण उरत नाहीं.