कैद्यांच्या हाती पिल्लू

सुरुवात

पॉलीन क्विन यांचं तरुणपण निरनिराळ्या संस्थांत आणि रस्त्यावर गेलं. एका जर्मन शेफर्ड कुत्रीच्या सोबतीने त्या सावरल्या. तसाच आधार बंदिवान स्त्रियांना मिळावा म्हणून त्यांनी पशुवैद्यक लिओ बस्टाड यांच्या मदतीने १९८१ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, गिग हार्बरच्या महिला तुरुंगात कुत्र्यांना शिकवण्याचा उपक्रम सुरू केला. पुढे त्या ख्रिस्ती जोगीण (नन) झाल्या.

कोठडीतला दिनक्रम

न्यूयॉर्क राज्यातल्या बेडफर्ड हिल्स या कडेकोट महिला तुरुंगात १९९७ पासून ‘पपीज बिहाइंड बार्स’ ही संस्था काम करते. साधारण आठ आठवड्यांचं लॅब्राडॉरचं पिल्लू थेट कैदी स्त्रीच्या कोठडीत राहायला येतं. त्याचं खाणंपिणं, रात्री-अपरात्री बाहेर नेणं, आज्ञा शिकवणं, सगळं तिच्याकडे. दिवा लावणं, पडलेली वस्तू उचलून देणं अशी कामं ते हळूहळू शिकतं. तुरुंगात रहदारी नसते, दारावरची बेलही वाजत नाही. या गोष्टींची सवय व्हावी म्हणून स्वयंसेवक पिल्लांना अधूनमधून शहरात घेऊन जातात. तयार झालेले अनेक कुत्रे जखमी माजी सैनिकांकडे मदतनीस म्हणून जातात.

यात उपचार कोणता?

कुत्र्याला कुरवाळून मन निवतं, हे आहेच. पण पिल्लू आरडाओरड्याने शिकत नाही. आज्ञा तीच, स्वर तोच, शाबासकी अगदी वेळेवर. हे रोज करताना राग आवरायची सवय शिकवणाऱ्यालाच लागते. तुरुंगात उठण्या-जेवण्याच्या वेळासुद्धा दुसरे ठरवतात. तिथे एक जीव सर्वस्वी आपल्यावर विसंबून आहे, ही जाणीव फार मोठी आहे. आणि लळा लागल्यावर तो कुत्रा देऊन टाकायचा असतो. मला हाच भाग सर्वांत अवघड आणि मोलाचा वाटतो: ज्या हातांनी कुणाचं नुकसान केलं, त्याच हातांनी एखाद्या अनोळखी माणसाला आधार मिळतो.

पथ्यं

निवड काटेकोर हवी. प्राण्यांशी क्रूरपणे वागलेल्यांना सहसा घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. कुत्र्याला विश्रांती आणि पशुवैद्य मिळायलाच हवेत.

परिणाम मोजताना

सहभागी कैदी सुटल्यावर पुन्हा गुन्हे कमी प्रमाणात करतात, असे दावे केले जातात. मात्र मुळात चांगल्या वर्तनाचेच कैदी निवडले, तर फरक कुत्र्यामुळे पडला की निवडीमुळे, हे सांगता येत नाही. हाती लागणारं कसब मात्र उघड दिसतं. गिग हार्बरला कैदी स्त्रिया कुत्र्यांच्या केसांची निगा राखण्याचं आणि बाहेरच्या लोकांचे कुत्रे सांभाळण्याचं कामही शिकतात. सुटकेनंतर त्यावर पोट भरता येतं.