पाळकाचा शनिवार

सकाळी 7.15

रात्रपाळी सुटली की एमआयडीसीच्या फाटकासमोरच्या टपरीवर दोघं येतात. एक फिटर, आमच्या मंडळीतला, चाळिशीचा. दुसरा त्याच्या हाताखाली नव्याने लागलेला पोरगा. बाप्तिस्मा तान्हेपणी झालेला, पण नाताळ सोडला तर चर्चमध्ये न दिसणारा. डोळे तांबारलेले, हातांना ग्रीसचा वास. चहा येईपर्यंत मार्कच्या शुभवर्तमानातला एक तुकडा वाचायचा, एवढाच नेम. आज आठवा अध्याय. येशूने दोनदा हजारोंना जेवू घातलं, तरी होडीत एकच भाकर उरली म्हणून शिष्य काळजीत. पोरगा हसला. "एवढं डोळ्यांनी बघूनसुद्धा यांच्या डोक्यात शिरत नाही?" फिटर म्हणाला, "तुला व्हर्नियरने माप घ्यायचं कितीदा दाखवलं मी?" पोरगा गप्प. मला याहून बरं विवरण सुचलं नसतं. पुढच्या महिन्यापासून मी इथे यायचं बंद करणार आहे. मी असलो की दोघंही माझ्याच तोंडाकडे बघतात.

सकाळी 10

कार्यालय. एका आजोबांना नातवाच्या शाळेसाठी बाप्तिस्म्याचा दाखला हवाय. रजिस्टर काढलं. नाव, आईबापांची नावं, गाव, तारीख, पाळकाची सही. सगळे रकाने नीट भरलेले. आम्हा नगरकडच्या ख्रिस्ती लोकांना रजिस्टरांचा अभिमान आहे आणि तो खोटा नाही. अमेरिकन मराठी मिशनची माणसं 1831 साली नगरला आली. 1876 ते 78 च्या दुष्काळानंतर खेडोपाडी, विशेषतः महार आणि मांग वाड्यांतून, घरंच्या घरं मंडळीत आली. त्या प्रत्येकाची नोंद कुणीतरी शाईने केली.

पण मत्तयाच्या शेवटच्या अध्यायातली आज्ञा दोन भागांची आहे. बाप्तिस्मा देण्याचा भाग रजिस्टरात आहे. पाळायला शिकवण्याचा भाग कुठे नोंदवायचा, त्याला रकानाच नाही. पूर्वी त्याची गरज पडली नसावी, कारण खेड्यात मिशनचा मास्तर होता. दिवसा पोरांना बाराखडी, रात्री त्यांच्या आईबापांना भजन आणि बायबलची गोष्ट. तो वस्तीतच राहायचा, त्यामुळे कोण दारू पितो, कोणाचं भांडण कोर्टात गेलं, त्याला ठाऊक असायचं. पुढे मिशनचा पैसा आटला, शाळा सरकारकडे गेल्या किंवा बंद पडल्या, आणि मास्तर गेला. आपण देऊळ राखलं, रजिस्टर राखलं; मास्तराच्या जागी कुणाला बसवलं नाही. माझ्या मते आमच्या मंडळ्यांचं दुखणं इथे आहे, भक्ती कमी झाली वगैरे म्हणतात त्यात नाही.

दुपारी 1

जेवण. मंडळीच्या पास्टरेट कमिटीच्या ग्रुपवर कंपाउंडच्या भिंतीवरून सतरा मेसेज. जमीनजुमल्याच्या दाव्यांनी आमच्या मंडळ्यांच्या जितक्या सभा खाल्ल्या, तितक्या सैतानालाही खाता आल्या नसत्या. फोन पालथा घातला.

दुपारी 4

दृढीकरणाचा वर्ग. चौदा-पंधरा वर्षांची सात पोरं. दहा आज्ञा पाठ, प्रेषितांचा मतांगीकार पाठ, प्रभूची प्रार्थना तर झोपेतही येते. हे सगळं हवंच. पाठांतराला नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. अडचण पुढची आहे. दृढीकरण होतं, पहिलं प्रभुभोजन होतं, पांढऱ्या कपड्यांत फोटो निघतो, घरी मटण शिजतं, आणि पोर गायब. म्हणजे वर्गाचा शेवट तोच मंडळीचा निरोप.

म्हणून गेल्या वर्षापासून प्रत्येक पोराला मंडळीतला एक मोठा माणूस जोडून देतो, वर्षभरासाठी. नातेवाईक चालत नाही. एका मुलीला भाजी विकणाऱ्या एक मावशी दिल्या. दोघी सोमवारी बाजारातून परत येताना मावशींच्या आजारी जावेकडे थांबतात. एका पोराला निवृत्त एसटी ड्रायव्हर दिले. काका आधी तयारच होईनात. "साहेब, मला चारचौघांत प्रार्थना येत नाही. त्याला काय शिकवू?" मी म्हटलं, शिकवू नका, नुसतं बरोबर न्या. ते बुधवारी अंथरुणाला खिळलेल्यांना भेटायला जातात, तिथे पोरगा जायला लागला. तिसऱ्या की चौथ्या बुधवारी एका म्हाताऱ्याने पोरालाच प्रार्थना करायला सांगितलं. काकांनी डोळे मिटले, पोरगा अडखळत बोलला. काका मला म्हणाले, "आता त्याच्यासमोर मलाही करावी लागते."

वडीलमंडळींपैकी काहींना हे पसंत नाही. त्यांच्या मते हे पाळकाचं काम, त्यासाठी पाळकाला पगार मिळतो. पगार मिळतो हे खरं.

संध्याकाळी 6.30

घरसभा, कालव्याकडच्या वस्तीवर. पेटी, ढोलकी, झांजा. उपासना संगीत या गीतपुस्तकातली कवी ना. वा. टिळकांची गीतं इथल्या बायांना पुस्तकाशिवाय येतात. मी दारात दिसताच "साहेब आले, साहेबच सांगतील" सुरू झालं. मी पेटीवाल्याच्या मागे जाऊन बसलो. शेवटी घरच्या सुनेने जक्कयाची गोष्ट सांगितली. झाडावरून त्याला उतरवलं, पण लुबाडलेलं चौपट परत करण्याचं विसरली. सासूने कोपऱ्यातून आठवण दिली. मग चर्चा उसाच्या उचलीवर गेली आणि मुकादमाने कुणाचे किती बुडवले त्यावर. जावी तिथे गेली.

ती गीतं लिहिणाऱ्या नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधली बरीच वर्षं दोघं वेगळी राहिली. एवढ्या मोठ्या कवीच्या बायकोलाही पाच वर्षं लागतात, आणि आम्ही तीन महिन्यांच्या वर्गावर भरवसा ठेवतो. याच टिळकांनी 1917 मध्ये मिशनचं काम सोडून देवाचा दरबार उभा करायला घेतला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेलेही ख्रिस्ताचे शिष्य एकत्र यावेत, असा त्यांचा मनसुबा होता. दोनच वर्षांत ते वारले. त्यांचं ते सगळं मला पटतं असं नाही. बाप्तिस्मा मला बाजूला ठेवता येत नाही. पण शिष्य आधी आणि संस्था नंतर, हा त्यांचा क्रम आमच्या कमिटीसमोर मोठ्याने वाचावासा वाटतो.

रात्री 9.30

उद्याचं प्रवचन अर्धं झालंय. ड्रायव्हरकाकांचा फोन. त्यांना जोडून दिलेला पोरगा आयटीआय करायला चिंचवडला गेलाय, राहायला खोली मिळाली, आता तिथे कुठल्या मराठी चर्चला जायचं ते त्याने काकांना विचारलं. मला नाही, काकांना. मी तिकडच्या एका पाळकांचा नंबर दिला.

"आणि साहेब, आमचं वर्ष मागच्या महिन्यातच संपलं. बुधवारी आता दुसरा पोरगा धाडता का? एकट्याने जायला नको वाटतं."

वर्गातल्या सातांपैकी कोणाला द्यावं याचा विचार करत प्रवचनाचा कागद पुढे ओढला. पहिल्या बाकावर बसून सारखा घड्याळाकडे बघणारा तो द्यावा.