माळव्याच्या लोकधुनांतून उमललेले कुमार गंधर्व

इंदूरच्या छत्रीबागेतील होळकरांच्या स्मारक-छत्र्या पाहताना मराठी माणसाला माळव्याचा राजवैभवाचा इतिहास आठवतो. त्याच माळव्याचा दुसरा, अलिखित इतिहास खेड्यांतील स्त्रियांच्या कंठात होता. तो ऐकला कुमार गंधर्वांनी, इंदूरपासून जवळच असलेल्या देवासमध्ये आणि तोही अंथरुणाला खिळलेले असताना.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावी येथे झाला. 'कुमार गंधर्व' ही उपाधी त्यांना बालपणीच मिळाली. मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे त्यांनी शिक्षण घेतले. गोमंतकाशी नाते सांगणाऱ्या अंजनीबाई मालपेकरांचे मार्गदर्शनही त्यांना लाभले. १९४७ मध्ये भानुमती कंस यांच्याशी विवाह झाला आणि लगेचच क्षयरोगाने गाठले. कोरड्या हवेसाठी १९४८ च्या आरंभी दांपत्य देवासला आले. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले. गाणे तर दूरच, बोलण्यावरही बंधन आले. पुढील काही वर्षे या गवयाला केवळ श्रोता होऊन राहावे लागले.

वाटेने जाणाऱ्या बायकांची गाणी, नाथपंथी साधूंची निर्गुणी भजने त्यांच्या कानी पडत. ही गाणी त्यांनी टिपून घेतली, स्वरबद्ध केली. माळवी धुन पुष्कळदा चार-पाच स्वरांतच फिरते. परंतु त्या स्वरांचे परस्परसंबंध ठाम असतात. त्या संबंधातच रागाचे बीज असते, असे त्यांना आढळले. धुनेला आरोह-अवरोह, विस्ताराची शिस्त मिळाली की राग उभा राहतो. अशा रागांना त्यांनी 'धुनउगम राग' म्हटले. मालवती, संजारी, लगनगंधार, अहिमोहिनी ही त्यांची रागनिर्मिती. शब्द व स्वर दोन्ही स्वतःचे असलेल्या अनेक बंदिशी १९६५ च्या 'अनूपरागविलास' या ग्रंथात आल्या.

नव्या औषधांमुळे प्रकृती सुधारली आणि १९५० च्या दशकात ते पुन्हा मैफलीत आले. त्यांच्या छोट्या, तुटक स्वराकृतींचे कारण अपुरा श्वास असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे. लोकगीतांची मोजकी, थेट स्वरोक्तीही त्यांच्या गळ्यात उतरली होती. परंपरानिष्ठांना ही गायकी सहजी रुचली नाही.

१९६१ मध्ये भानुमतींचे निधन झाले; पुढे वसुंधरा कोमकली यांनी संसार आणि स्वर दोन्हींत साथ दिली. १९९० मध्ये पद्मविभूषण मिळाले. १२ जानेवारी १९९२ रोजी, हवापालटासाठी आलेल्या त्याच देवासमध्ये, कुमारांनी अखेरचा श्वास घेतला.